कुठे थांबलात?

“ताई, पाणी दारातून येत नाही. आधी मोरीतून येतं.”

आमच्या पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारे भाऊ माझ्या कादंबरीच्या खर्ड्यातल्या सत्तेचाळिसाव्या पानावर बोट ठेवून उभे होते. दुपारचे पावणेतीन वाजलेले, रोकड जुळवायची बाकी, काउंटरवर दोन माणसं ताटकळलेली. भाऊ सांगत होते, “मोरीच्या जाळीत आधी बुडबुडे येतात. मग वास सुटतो. घरातल्या बाईला वाटतं, गटार तुंबलं. ती खराटा घेऊन जाळी साफ करायला बसते आणि बसल्या बसल्या पाणी तिच्या घोट्याला लागतं. दार तेव्हा बंदच असतं हो. दाराकडे बघायला कोणाला सुचतंय?”

मी चिपळूणची. वय ५१. एका पतसंस्थेत रोखपाल आहे. २२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी चढावरच्या आमच्या घराच्या गॅलरीत उभी होते. मला पूर दिसला तो वरून. खाली उतरले ती पाणी ओसरल्यावर, चिखलात. पुढचे कितीतरी दिवस लोक भिजलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या नोटा घेऊन काउंटरवर येत होते. त्या सोडवून मोजताना बोटांच्या पेरांत तांबडी माती बसायची आणि घरी जाऊन हात धुतले तरी नखांत राहायची. कादंबरी सुरू झाली ती त्या मातीपासून. माझी नायिका बाजारपेठेत तळमजल्यावर राहते. मी लिहिलं होतं की पाणी दाराच्या फटीतून एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखं आत आलं. ही उपमा मला फार आवडली होती. दोन वर्षं ती जागची हलली नव्हती. भाऊंच्या आधी ज्यांनी खर्डा वाचला त्यांच्यापैकी दोघींनी त्या वाक्याखाली कौतुकाची रेघही ओढली होती.

भाऊंच्या घरात त्या दिवशी छातीभर पाणी होतं.

“तिथे थांबलो मी,” ते म्हणाले. “मग आठ दिवस वही उघडली नाही.”

मराठीत लिहू पाहणाऱ्या, पण अजून पुस्तक न आलेल्या माणसाला आज सर्वांत जास्त गरज आहे ती हे वाक्य बोलणाऱ्या वाचकाची. आपण मात्र शोधत असतो अभिप्राय. या दोन गोष्टी एक नाहीत आणि त्यांतला फरक कळायला मला चार वर्षं लागली. माझ्यासारखे नोकरी सांभाळून पहाटे लिहिणारे पुष्कळ जण गावोगावी आहेत. त्यांची एवढी वर्षं जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला खर्डा मे २०२३ मध्ये पुरा झाला. पहाटे पाच ते साडेसहा लिहायचं, रविवारी टाइप करायचं. बासष्ट हजार शब्द झाले. मी त्याच्या प्रती काढल्या, स्पायरल बायंडिंग करून घेतलं आणि सगळ्यांनी जे केलं असतं तेच केलं. एक प्रत एका मोठ्या कादंबरीकारांना पाठवली. त्यांचं दोन महिन्यांनी सुरेख अक्षरातलं पत्र आलं. लेखणीत दम आहे, लिहीत राहा, आणि नायिकेच्या दोन मुलींचं चित्रण विशेष हृद्य झालं आहे. मी ते पत्र देवघरात ठेवलं. आठवड्याने भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की नायिकेला मुलगी एकच आहे. पहिल्या प्रकरणात दोन मुली दिसतात खऱ्या, पण त्यांतली एक शेजारणीची, हे दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर कळतं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे अशी किती बाडं येत असतील आणि प्रत्येक बाडामागचं माणूस किती आशेने पोस्टात उभं राहिलं असेल, हे ते जाणून आहेत म्हणूनच त्यांनी ते पत्र लिहिलं. पण त्या पत्राने माझं एक वर्ष खाल्लं. कादंबरी झाली, अशा समजुतीत मी ते घालवलं.

एका प्रकाशकांना फोन केला. त्यांनी कथा काय आहे हे विचारण्याआधी पानं किती होतील ते विचारलं आणि पानांवरून रक्कम सांगितली. ती मी भरायची होती. बाड वाचायला कधी पाठवू, असं मी विचारलं तर म्हणाले, “थेट फाइलच पाठवा की.”

माझ्या नणंदबाई डोंबिवलीला असतात, शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांनी मात्र अक्षर न् अक्षर वाचलं. बाड परत आलं ते तांबड्या शाईने माखून. ऱ्हस्व-दीर्घ सगळं सुधारलेलं, आणि ‘पाखाडी’ खोडून तिथे ‘पायऱ्यांची वाट’, ‘बाव’ खोडून ‘विहीर’. किती कष्ट घेतले होते त्यांनी! त्या कष्टांबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. पण कथेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “कथा छानच आहे गं.” ऑफिसातल्या मैत्रिणीही म्हणाल्या, छान. या ‘छान’मध्ये खोटेपणा नसतो. आपल्या माणसाने एवढी पानं लिहिली याचा आनंद असतो, त्याला दुखवू नये ही माया असते. पण खर्डा पुढे न्यायला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

जुन्या काळाबद्दल वाचलं की वाटतं, तेव्हा हे काम करायला माणसं बसलेली होती. ‘सत्यकथा’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेली कथा वाचायचे, लेखकाला पत्र लिहायचे, ही जागा पुन्हा पाहा म्हणायचे. ‘साभार परत’ हा शब्द लेखकांच्या तोंडी झाला, पण परत आलेल्या कथेसोबत पुष्कळदा आपण कुठे घसरलो हेही कळायचं. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. एक मासिक गेलं याचं दुःख जाणकारांनी केलं आणि ते योग्यच होतं. मला मात्र वाटतं की मासिकाबरोबर एक सवय गेली. छापण्याआधी दुसऱ्याने वाचायचं आणि लेखकाने ते ऐकून घ्यायचं, ही ती सवय. आजही काही संपादक मन लावून हे करतात. पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, कोणाचीच ओळख नसलेल्या माणसाचं बाड त्यांच्या टेबलापर्यंत पोचायला आधी ते बऱ्यापैकी नीट झालेलं असावं लागतं. ते नीट करायला मदत करणारं कोणी नाही. अडचण आहे ती इथे.

कवींना मंडळ असतं. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी रविवारी जमून एकमेकांना कविता वाचून दाखवायची. आजही आमच्या भागात कोणाला नवी कविता सुचली तर संध्याकाळपर्यंत चार जणांनी ती ऐकलेली असते. नाटकवाल्यांचं तर त्याहून चांगलं. संहितेचं वाचन झाल्याशिवाय तालीम सुरूच होत नाही. नटाची जीभ जिथे अडखळते ते वाक्य नाटककाराला तिथल्या तिथे कळतं. कादंबरी लिहिणारा तेवढा एकटा. त्याचं काम लांबलचक, ते ऐकवायला रात्र पुरत नाही, आणि ‘माझी दोनशे पानं वाचाल का’ हे विचारताना कर्ज मागितल्यासारखी मान खाली जाते.

आता वाचनाचं सांगते, कारण खर्डा कोणाला दाखवावा हे मला कळलं ते वाचनातून.

लिहायला लागले आणि माझं वाचन बदललं. ‘बनगरवाडी’ मी शाळेत असताना एका सुट्टीत वाचली होती. तेव्हा राजाराम मास्तर पुढे काय करतो याची ओढ होती. परवा वाचली ती वही शेजारी घेऊन. कोणता माणूस पहिल्यांदा कुठे दिसतो, तो परत किती पानांनी येतो, मधे लेखक त्याला कसा जिवंत ठेवतो, हे टिपत गेले. दुष्काळाचा भाग तर हाताने उतरवून काढला. उतरवताना कळलं की माडगूळकर दुष्काळाबद्दल फारसं सांगतच नाहीत. माणसं आणि मेंढरं काय करतात ते दाखवतात आणि पुढे जातात. वाचताना डोळा जे ओलांडून जातो त्याला हात ओलांडू शकत नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाने आवडत्या पुस्तकाची दहा पानं एकदा हाताने उतरवून पाहावीत, हे माझं अनुभवातून आलेलं सांगणं आहे.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ मी नणंदबाईंच्या तांबड्या शाईनंतर मुद्दाम पुन्हा काढली. मला वऱ्हाडी येत नाही. पहिली काही पानं कान अडखळतात. मग कौतिक बोलायला लागते आणि अर्थ विचारावासा वाटतच नाही. ते पुस्तक मिटून मी माझी ‘पाखाडी’ आणि ‘बाव’ परत जागेवर आणली. श्री. ना. पेंडसे तर आमच्याच जिल्ह्याचे, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करून त्यांनी एवढं लिहिलं. ‘तुंबाडचे खोत’चे दोन जाडजूड खंड एका पावसाळ्यात वाचताना मी रोज रात्री मनाशी म्हणायचे, हा माणूसही सकाळी डबा घेऊन कामावर जात होता.

एक मात्र जपावं लागतं. मध्यंतरी पंधरा दिवस मी फक्त जी. ए. कुलकर्णी वाचत होते. त्या पंधरा दिवसांत लिहिलेली पानं पुढे काढून टाकावी लागली. माझ्या बाजारपेठेतली माणसं एकाएकी नियतीबद्दल बोलायला लागली होती. तेव्हापासून जी. ए. दिवाळीनंतर, लिहिणं थांबलेलं असताना. पहाटे लिहायचं असेल त्याच्या आदल्या रात्री साधं, बोलकं गद्य वाचायचं किंवा काहीच नाही.

आणि ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द इयरलिंग’चा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद किती घरांत वाचला गेला असेल! मी तो पुरासाठी वाचला. फ्लोरिडाच्या त्या रानात दिवसच्या दिवस पाऊस पडतो, सगळं पाण्याखाली जातं, आणि पाणी ओसरल्यावर रॉलिंग्जबाई माणसांपाशी थांबत नाहीत. जनावरांकडे वळतात. पुरानंतर साथ येते, हरणं पटापट मरतात, आणि त्या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं कथानक वळण घेतं. मला तेव्हा त्यातून काय घ्यायचं ते कळलं नव्हतं. ते पुढे सासूबाईंनी शिकवलं. जाता जाता सांगते, रानातल्या एका मुलाची गोष्ट लिहा, हे रॉलिंग्जबाईंना सुचवणारे त्यांचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स होते. मराठीत ते पुस्तक आणलं तेही एका संपादकाने. पानामागे बसून वाचणारी ही दोन माणसं नसती तर ‘पाडस’ माझ्या हातात पडलंच नसतं.

सासूबाईंना मोतीबिंदू होता. ऑपरेशन लांबत गेलं. दुपारी त्यांना वेळ जाईना, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्यांना खर्डा वाचून दाखवायला लागले. चार प्रकरणं झाली. त्या डोळे मिटून ऐकायच्या. ऐकतात की झोपल्या ते कळायचं नाही. सातव्या प्रकरणात, नायिका लेकीला घेऊन शेजारच्या गच्चीवर चढते तो मोठा प्रसंग मी गळा दाटून वाचत होते आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, “अगो, त्या म्हशीचं काय झालं?”

“कुठली म्हैस?”

“ती नव्हे का, मागीलदारी बांधलेली. तू सांगितलंस ना, दुधवाल्याची म्हैस बांधलेली असते म्हणून.”

मी मागची पानं चाळली. तिसऱ्या प्रकरणात, पुराच्या आदल्या संध्याकाळी, नायिका मागचं दार लावायला जाते तेव्हा तिला म्हैस दिसते. एवढं एकच वाक्य. वातावरणासाठी मी ती तिथे बांधली आणि विसरून गेले. सगळं गाव पाण्याखाली गेलं आणि माझी म्हैस दाव्याला तशीच. सासूबाई चार प्रकरणं त्या म्हशीपाशी थांबल्या होत्या. मी गच्चीवरचा आक्रोश वाचत होते आणि त्यांना मनात ऐकू येत होतं ते दाव्याला हिसडे देणारं जनावर. ज्यांनी आयुष्यभर गोठा केला त्यांना दुसरं काय ऐकू येणार?

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी लिहायला बसले आणि नायिकेला मागीलदारी पाठवलं. कंबरभर पाण्यात, अंधारात, दाव्याची गाठ फुगून घट्ट बसलेली, हातात काही नाही. ती दातांनी गाठ सोडवायला लागते. माडीवरून लेक हाका मारते आहे आणि ही परक्याच्या म्हशीचं दावं दातांनी सोडवते आहे. हे प्रकरण आता कादंबरीचा कणा आहे. माझी नायिका कशी बाई आहे हे मला ते लिहितानाच कळलं. त्याआधी तीन वर्षं मी तिचं फक्त वर्णन करत होते.

म्हणून आता खर्डा देताना ‘कसा वाटला’ हे मी विचारत नाही. त्या प्रश्नाला सभ्य माणसाकडे एकच उत्तर असतं. मी विचारते, कुठे थांबलात? कुठे उठून चहा करायला गेलात? मागची पानं उलटून पाहावी लागली ती कुठे? कोणतं माणूस विसरलात? या प्रश्नांची उत्तरं द्यायला साहित्यातलं काही कळावं लागत नाही, कोणाला दुखवल्यासारखंही वाटत नाही. वाचनालयातले एक जुने सभासद आहेत, त्यांना मी सांगितलं, काही लिहू नका, थांबाल तिथे फक्त चिठ्ठी लावा. त्यांनी एसटीची जुनी तिकिटं जपून ठेवलेली, ती लावून दिली. बाड परत आलं तेव्हा एकतीस तिकिटं होती आणि त्यांतली अकरा एकाच प्रकरणात. ते प्रकरण आता नाही.

आणि ते उत्तर देत असताना आपण गप्प बसायचं. हे सर्वांत कठीण. जीभ नुसती वळवळते, ‘अहो, पण मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे सांगायला. पुस्तक छापून लोकांच्या घरी जाईल तेव्हा मी प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभी राहून हे सांगणार आहे का?

सगळंच ऐकायचं असं मात्र नाही. शेजारची कॉलेजातली मुलगी फोनवर वाचते. तिने अडतिसाव्या पानावर सोडून दिलं. म्हणाली, “काकू, बोअर झालं. एखादा हिरो टाका ना.” मी पान काढून पाहिलं. तिथे सात पानं कोयनेच्या अवजलाची होती. कोयनेचं पाणी खरं पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. ते अडवून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला घाटाखाली पोफळीला आणतात, वीज करतात, मग ते कोळकेवाडीच्या धरणातून वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीला मिळतं. पूर आला की आमच्याकडे पहिली चर्चा निघते ती या अवजलाची आणि भरतीच्या वेळेची. मी तीन महिने त्यावर वाचलं होतं, म्हणून सगळंच ओतलं. मुलीचा कंटाळा खरा होता, तो मी घेतला. हिरो घेतला नाही. सात पानांची आता सात वाक्यं आहेत, आणि ती भाजी घ्यायला उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहेत.

काही जण म्हणतील, मोठी पुस्तकं अशी दहा जणांना विचारून होत नाहीत. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तेव्हा ते पंचविशीचे होते, त्यांनी कोणाला विचारलं होतं? हा प्रश्न मलाही पडतो आणि त्यात तथ्य आहे. पहिला खर्डा कोणालाही विचारून लिहूच नये. तो एकट्याने, दार लावून लिहायचा. पण त्या काळचं वाचलं तर दिसतं की नेमाड्यांच्या अवतीभवती अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांच्यासारखी माणसं होती. जग पालथं घालून वाचणारी, कशालाही उगाच छान न म्हणणारी. त्या सोबतीत कान तयार होतो आणि तो लिहिताना आतून काम करतो. ती सोबत ज्याला वाट्याला आली त्याची गोष्ट वेगळी. दिवसभर व्हाउचरं तपासून संध्याकाळी कुकर लावणाऱ्या बाईने ती कुठून आणायची?

माझं उत्तर आहे, वाचनालयातून.

आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४चं. २००५च्या पुरात त्याची पुस्तकं गेली, २०२१च्या पुरात पुन्हा गेली, आणि दोन्ही वेळा लोकांनी ते उभं केलं. २०१३ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन चिपळूणला भरलं त्यामागेही हे वाचनालय होतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आहे, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं. छापील कादंबरी मराठीत यायच्या आधीपासून आपल्याकडे वाचनालयं आहेत. १९६७च्या कायद्यानंतर तर खेड्यापाड्यांतही ती झाली. संध्याकाळी तिथे एक टेबल, दोन बाक आणि ट्यूबलाइट असतेच. व्याख्यानं होतात, पुस्तक प्रकाशनं होतात, शाल-श्रीफळ होतं. छापून झालेल्या पुस्तकासाठी एवढं सगळं होतं, तर न छापलेल्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे? एका माणसाची वीस पानं, पाच प्रती. आलेल्यांनी तिथेच बसून वाचायची आणि आपण कुठे थांबलो ते सांगायचं. लेखकाने उत्तर द्यायचं नाही. हार नाही, अध्यक्ष नाही, फोटो नाही. खर्च झेरॉक्सचा. ज्याची पानं वाचली गेली त्याने पुढचे पाच महिने दुसऱ्यांची वाचायला आलंच पाहिजे, एवढी एक अट हवी.

या अटीवर माझा जीव आहे. लिहिणारी बरीच माणसं दुसऱ्याचं वाचत नाहीत, हे मी दुःखाने सांगते. स्वतःचं बाड घेऊन दारोदार फिरतात आणि कोणी आपलं पुढे केलं की वेळ नसतो. मीही तशीच होते. दुसऱ्याचा खर्डा वाचायला लागले तेव्हा मला स्वतःचे दोष दिसायला लागले. छापील पुस्तकात सगळं लिंपून, सारवून झालेलं असतं. घर कसं उभं राहतं ते बघायचं तर भिंती अर्धवट असताना बघावं लागतं. दुसऱ्याच्या नायकाला तिसऱ्या पानावर स्वतःशी बोलताना पाहून मला माझ्या नायिकेची स्वगतं आठवली. ती मी त्याच आठवड्यात काढली.

सध्या माझ्याकडे एक बाड आहे. लिहिणारे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत. कुंभार्ली घाटात त्यांनी वर्षानुवर्षं रात्रीची गाडी चालवली, कादंबरी त्या घाटाचीच आहे. लांब वह्यांत, निळ्या बॉलपेनने, प्रत्येक पानाला डाव्या बाजूला आखलेला समास. मला देताना त्यांनी वही दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाले, “बाई, मला छान म्हणू नका. आमच्याकडे सगळे म्हणून झालेत.”

काल रात्री एकाहत्तराव्या पानावर मी थांबले. धुक्यात गाडी बंद पडली आहे. चालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो, आणि पुढची चार पानं इंजिनाबद्दल आहेत. गाडीत मागे एक बाळंतपणाला माहेरी निघालेली मुलगी बसली होती. ती अठ्ठावन्नाव्या पानावर एकदाच कण्हली, त्यानंतर तिचं नाव नाही. मी तिथे एसटीचं तिकीट लावलं आहे. रविवारी ते चहाला येणार आहेत. त्यांना इंजिनाबद्दल मी काही विचारणार नाही. ती मुलगी कुठे आहे, एवढंच विचारीन.